ख्रिस्ती मंडळीचे ऐक्य आणि रत्नागिरी

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांनी आपली स्वतंत्र अस्तित्वे विसर्जित करून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एकच मंडळी स्थापन केली. या घटनेस अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. तथापि आपल्या सुशिक्षित समाजात तिची जाण फारशी आढळत नाही. ख्रिस्ती म्हणजे सारे एकच, अशी सर्वसाधारण समजूत असल्यामुळे त्यांच्यात भिंती होत्या हे जसे ठाऊक नाही, तसे त्या पाडण्यासाठी किती श्रम पडले हेही ठाऊक नाही. वास्तविक या भिंतींचा आणि त्या पाडण्याचा इतिहास रत्नागिरीकरांस अगदी जवळचा आहे. त्याचा विचार आपण आपल्या गावच्या इतिहासाचा एक भाग म्हणून केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या किनाऱ्यावर प्रोटेस्टंट मिशनचा पाय प्रथम लागला तो बाणकोट येथे, १८२३ साली. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल तेथे आले आणि त्याच वर्षी निधन पावले. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी बाणकोट व हर्णै येथे शाळा चालविल्या. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आजही उभे आहे, त्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८२९ साली मराठीचे पहिले धडे घेतले ते हर्णै येथेच. १८४३ साली स्कॉटलंडमध्ये, पाद्र्याची नेमणूक कोणी करावी या वादातून, तेथील चर्च दुभंगले. त्या वादाशी कोकणातील वा मुंबईतील एकाही ख्रिस्ती माणसाचा कवडीइतका संबंध नव्हता. परंतु हिंदुस्थानातील त्या चर्चचे सर्व मिशनरी नव्या फ्री चर्चकडे गेले आणि येथील मंडळ्यांवरील पाटी रातोरात बदलली.

रत्नागिरीची कथा याहून बोलकी आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ साली महाराष्ट्रात आले आणि १८५२ साली त्यांनी कोल्हापुरात ठाणे मांडले. त्यांची मूळ संस्था मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाची होती. पुढे तिच्याशी त्यांचे पटेना, तेव्हा १८६१ पासून त्यांनी आपले काम स्वतंत्रपणे चालविले आणि १८७० साली ते अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन केले. १८७३ साली रत्नागिरीत याच मिशनचे ठाणे उघडले. म्हणजे आमच्या नगरीत प्रेस्बिटेरियन पंथ आला तो कोणा रत्नागिरीकराने धर्मशास्त्राचा काथ्याकूट करून निवडला म्हणून आला नाही; परदेशातील एका संस्थेचे काम दुसरीकडे गेले म्हणून आला. याच जिल्ह्यात दापोलीस इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाचे एस. पी. जी. मिशन होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे व साने गुरुजी दापोलीच्या मिशनशाळेत शिकले, हे सांगितले म्हणजे त्या शाळेची महती वेगळी सांगावयास नको.

मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने पाऊल टाकू नये, हा त्यामागील हेतू व्यवहार्य होता. परंतु परिणाम असा झाला, की अहमदनगरचा ख्रिस्ती काँग्रिगेशनल, नाशिकचा अँग्लिकन, जालन्याचा फ्री चर्चचा आणि कोल्हापूर-रत्नागिरीचा प्रेस्बिटेरियन. माणसाचा पंथ त्याच्या श्रद्धेने ठरण्याऐवजी जिल्ह्याच्या नकाशाने ठरू लागला. दापोलीचे कुटुंब नोकरीनिमित्त रत्नागिरीस आले, की उपासनेची पद्धत बदले, अधिकाऱ्यांची पदनामे बदलत आणि पवित्र भोजनास बसण्याचा आपला अधिकार शाबीत करावा लागे. मूठभर माणसांच्या मंडळीस ही चैन परवडणारी नव्हती.

मग ऐक्याची भूमी कोणी तयार केली? आमच्या मते ती प्रथम मराठी भाषेने केली. १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे वाचक एका पंथाचे राहिले नाहीत. बायबल सर्वांनी एकाच मराठीत वाचले. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे व भजने सर्व पंथांच्या मंदिरांतून एकाच चालीवर गायिली गेली. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस, म्हणजे ख्रिस्तास मानणाऱ्या सर्वांस, स्थान होते. १९१९ साली टिळक निवर्तले आणि दरबार वाढला नाही. परंतु पंथाच्या पाटीवाचून ख्रिस्ती राहता येते, हा विचार एका कोकणी माणसाने नागपूरच्या समारंभापूर्वी त्रेपन्न वर्षे कृतीत आणून पाहिला होता.

बाहेरच्या जगातही वारे त्याच दिशेने वाहत होते. वाइल्डर यांचे कोल्हापुरात जन्मलेले पुत्र रॉबर्ट हे अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. त्याच चळवळीतील जॉन मॉट यांच्या अध्यक्षतेखाली १९१० साली एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. १९१९ साली तरंगमबाडी येथे जमलेल्या हिंदी धर्मसेवकांनी, हे पंथभेद आमचे नव्हेत, ते आमच्यावर बाहेरून लादले गेले आहेत, असे स्पष्ट बजावले. १९२४ साली उत्तर भारतात प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. व्यापक ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली, ती फळास येण्यास एकेचाळीस वर्षे लागली. दक्षिणेने हा टप्पा १९४७ सालीच गाठला होता.

एवढा काळ का लागला, हे समजण्याजोगे आहे. काही पंथांस बिशप हवा होता, काहींस बिशप हे नावच नको होते. काही बालकांचा बाप्तिस्मा करीत, काही जाणत्या वयातीलच ग्राह्य मानीत. तोडगा असा निघाला, की बिशपचे पद सर्वांनी स्वीकारावे, बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य कराव्यात आणि सर्व पंथांच्या धर्मसेवकांनी एकमेकांची सेवा स्वीकारावी. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र ऐन वेळी बाहेर राहिली. रोमन कॅथलिक परंपरा तर या योजनेत नव्हतीच. तेव्हा हे ऐक्य संपूर्ण नव्हे, याचेही भान ठेविले पाहिजे.

ऐक्यामुळे सत्ता एका ठिकाणी एकवटते आणि लहान गावच्या मंडळीचा आवाज क्षीण होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मिशनांनी मागे ठेविलेल्या जमिनी, शाळा व बंगले यांच्या मालकीवरून देशात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे दावे चालले आहेत. गुजरातेतील ब्रेदरन पंथाच्या मालमत्तेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असा निर्णय दिला, की केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या मंडळीकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने ठरविलेली रीत पाळावी लागते. तो वाद ज्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील होता, तोच कायदा आपल्या राज्यातही लागू आहे. श्रद्धेचे ऐक्य एका प्रार्थनेने साधेल. परंतु सात-बाराचे ऐक्य कागदावाचून साधत नाही, हा या निकालाचा साधा अर्थ होय.

म्हणून लहान शहरांतील मंडळ्यांस आमचे तीन गोष्टींविषयी आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या विश्वस्त संस्थेची नोंदणी व मालमत्तेची कागदपत्रे तपासून घ्यावीत. जमिनीचा कोणताही व्यवहार बंद खोलीत न करता सभासदांच्या सभेपुढे ठेवावा आणि हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा. आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या नोंदवह्या वाळवी व दमट हवा यांच्या तावडीतून सोडवून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. या वह्यांत केवळ ख्रिस्ती कुटुंबांची नावे नाहीत. दुष्काळ, साथी, स्थलांतर आणि जातीची बंधने तोडू पाहणाऱ्या माणसांचा इतिहास त्यांत आहे.

बाकीच्या नागरिकांचेही यात कर्तव्य आहे. ज्या नगरीत १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या औदार्याने पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी खुले झाले, त्या नगरीस धर्माच्या आतील भिंती म्हणजे काय आणि त्या पाडणाऱ्यांस काय सोसावे लागते, हे निराळे सांगावयास नको. शेजारच्या मंडळीने तीच लढाई आपल्या परीने दिली आहे. तिला परकीयांचा अवशेष समजणे हे इतिहासाविषयीचे अज्ञान होय. पाट्या परक्यांनी लावल्या होत्या हे खरे. त्या उतरविल्या मात्र येथल्याच माणसांनी. आता पाट्यांखालची जागा न्यायालयांतील दाव्यांत न अडकता उपासनेस मोकळी राहावी, ही जबाबदारी विद्यमान पिढीची आहे.