आधी फोन बघा, मग टॅब द्या!

मंडळी, प्लेसमेंटचा सीझन आला की हॉस्टेलमध्ये दोन विषयांवर रात्री जागवल्या जातात. पहिला, कोणाला किती पॅकेज मिळालं. आणि दुसरा, पहिल्या पगारातून घरी काय न्यायचं. आपल्या आई-बाबांच्या पिढीत याचं उत्तर ठरलेलं होतं. आईला साडी, बाबांना घड्याळ आणि देवापुढे पेढे. आता त्यातले पेढे तेवढे शिल्लक आहेत. बाकी यादीत हल्ली एकच नाव वरचेवर ऐकू येतं, ते म्हणजे टॅब. आईला मालिका बघायला टॅब, आजोबांना पेपर वाचायला टॅब, धाकट्या भावाला दहावीचं वर्ष म्हणून टॅब. इतकंच काय, स्टाफपैकी कोणी रिटायर होणार म्हणून वर्गणी काढली, तरी टॅब!

टॅब द्यायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती तो निवडण्याच्या आपल्या पद्धतीला. आपण काय करतो? चार रिव्ह्यू बघतो, प्रोसेसर, रॅम आणि रिफ्रेश रेट यावरून मेसच्या टेबलावर भांडतो आणि शेवटी आपल्याला स्वतःला जो हवासा वाटतो, तो घेऊन मोकळे होतो. ज्याला द्यायचा त्याच्या खिशात कोणता फोन आहे, हे बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा. बाकीचे सगळे नंतर.

लग्न ठरवताना पत्रिका बघावी की नाही यावर वाद होऊ शकतो (मी म्हणेन, बघू नये!). पण टॅब देताना मात्र ती जरूर बघावी. कारण टॅब नांदायला जातो तो फोनच्या घरी. आणि तिथे फोन आधीपासून मांड ठोकून बसलेला असतो. त्याचं अकाऊंट ठरलेलं, फोटो ठरलेल्या जागी, ॲप कुठून घ्यायचे ते ठरलेलं. मालकाच्या बोटांना कुठलं बटण कुठे असतं याची सवय झालेली. छत्तीस गुण नकोत, पण निदान अठरा तरी जुळायला नकोत का?

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीचंच उदाहरण घ्या. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये डोंबिवलीला चढून टॅब उघडून वाचत बसलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. तिथे हात वर करून डोकं खाजवायची पंचाईत, टॅब कुठला उघडताय! म्हणजे आपल्याकडे टॅब ही घरात बसून वापरायची वस्तू. बाहेर फिरतो तो फोन. पाडव्याच्या स्वागतयात्रेचे फोटो (डोंबिवलीत ही यात्रा १९९९ पासून निघते) काढायचे फोनवर. टेंभी नाक्याच्या देवीचे फोटो फोनवर. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून काढलेले सेल्फी अर्थातच फोनवर. बँकेचा ओटीपी येतो तोही फोनवरच. टॅबचं काम एवढंच, की हे सगळं घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर, चष्मा न शोधता दाखवायचं. दोघांचं आपसात पटत नसेल, तर टॅब म्हणजे नुसती काचेची पाटी.

आता हे पटणं म्हणजे नेमकं काय, ते जरा इंजिनिअरसारखं बघू.

आयफोन आणि आयपॅड एकाच ॲपल अकाऊंटवर असले, की फोनवर काढलेला फोटो आयक्लाऊडमधून आपोआप आयपॅडवर येतो, फोनचा कॉल आयपॅडवर घेता येतो, फोनवर कॉपी केलेलं आयपॅडवर पेस्ट होतं. अँड्रॉइड फोन आणि अँड्रॉइड टॅब एकाच गुगल अकाऊंटवर असले, तर फोटो, कॉन्टॅक्ट, विकत घेतलेली ॲप्स सगळं नव्या घरात हजर. सॅमसंगचा फोन आणि सॅमसंगचाच टॅब असेल, तर त्यावर आणखी थोड्या सोयी मिळतात. पण प्ले स्टोअरवर पैसे भरून घेतलेलं ॲप आयपॅडवर फुकट येत नाही, ते पुन्हा विकत घ्यायचं. आणि आयक्लाऊडमधले फोटो अँड्रॉइड टॅबवर बघायचे तर ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका, कोड येईल तो टाका... साठीच्या माणसाला एवढ्या पायऱ्या चढायला लावणं म्हणजे लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगमध्ये सातवा मजला देण्यासारखं आहे.

आमच्या ओळखीत डोंबिवली पूर्वेला एक काका-काकू आहेत. मुलगा न्यू जर्सीला. त्याने मोठ्या प्रेमाने स्वतःचा वापरलेला आयपॅड पाठवला. काकूंचा फोन अँड्रॉइड. मुलाचे फेसटाइम कॉल आयपॅडवर छान दिसायचे, नातवाचा चेहरा एवढा मोठा! पण काकूंचं बाकीचं सगळं जग, म्हणजे बहिणी, भजनी मंडळ, सोसायटीचा ग्रुप, व्हॉट्सॲपवर. आणि आयपॅडसाठी व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप आलं ते थेट २०२५ च्या मे महिन्यात. त्याआधी आयपॅड फक्त मुलापुरता आणि बाकी सगळ्यांसाठी पुन्हा तोच लहान अक्षरांचा फोन. त्यात आयपॅड चालायचा मुलाच्याच अकाऊंटवर. काही नवीन घ्यायचं म्हटलं की पासवर्ड मागणार. तो माहीत न्यू जर्सीला, आणि आपली सकाळ झाली की तिकडे रात्र. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. काकू शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे, त्याला कशाला उठवायचं." आणि आयपॅड गेला कपाटात, चांगल्या साड्यांच्या शेजारी.

यात कंपनीचा काही दोष नाही. मुलाच्या प्रेमातही खोट नाही. फक्त टॅब निवडताना आईचा फोन कोणी विचारात घेतला नाही. आणि मला खटकतं ते हेच. पैसे वाया गेले हे दुःख लहान. मोठं दुःख हे, की काकूंना वाटलं, "आपल्यालाच जमत नाही." अहो, त्या व्हॉट्सॲपवर भजनी मंडळाची वर्गणी गोळा करतात, लाईट बिल भरतात, मराठीत बोलून मेसेज टाईप करतात (गुगलने ही सोय मराठीत २०१७ मध्ये आणली). त्यांना जमत नाही असं काहीच नव्हतं. चुकीच्या भेटीने एका हुशार बाईला अडाणी ठरवलं.

उलटंही होतं बरं का. ठाण्यातल्या माझ्या एका मावशीकडे आयफोन. तिच्या मुलांनी सेलमध्ये स्वस्त पडला म्हणून अँड्रॉइड टॅब आणला. तिचे सगळे फोटो, नोट्स, रिमाइंडर आयफोनमध्ये. टॅबवर ती आता फक्त यूट्यूबवर रेसिपी बघते. म्हणजे मुद्दा आयपॅड चांगला की अँड्रॉइड चांगला हा नाहीच. ते भांडण तुम्ही मेसमध्ये खुशाल करा. मुद्दा घेणाऱ्याचा आहे.

देणाऱ्याने घेणाऱ्याचा विचार न केल्याची उदाहरणं सरकारी पातळीवरही आहेत. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबचं उद्घाटन केलं. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडणार होता. हेतू उत्तम. पण ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि दाबल्याशिवाय न ऐकणारा रेझिस्टिव्ह टचस्क्रीन! किंमत आधी ठरली आणि वापरणारा विद्यार्थी नंतर आठवला. पुढच्या आवृत्तीचं काम आयआयटी मुंबईकडे आलं आणि 'आकाश-२' नोव्हेंबर २०१२ मध्ये बऱ्याच सुधारणांसह आला. दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ठिकठिकाणच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोनची मेमरी अपुरी, आणि ज्या ॲपमध्ये माहिती भरायची ते इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मला इंग्रजी मेन्यू दिसला तर काही वाटत नाही. पण म्हणून तो सगळ्यांनाच सोपा, असं मी कसं धरून चालू? याउलट नागपूरची 'महाज्योती' संस्था जेईई-नीटची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते, तेव्हा सोबत रोजचा सहा जीबी डेटाही देते. नुसता टॅब घेऊन मुलगा क्लास कसा करणार, हा विचार तिथे आधी झालेला दिसतो.

आता यावर तुम्ही म्हणाल, फोनवरच सगळं ठरवायचं, तर भेटीतली हौस गेली कुठे? बाबा स्वतः कधी घेणार नाहीत अशी भारी वस्तू त्यांना द्यावी, यातच तर मजा आहे! खरंय. हौसेला मोल नाही. पण मोल नसलं तरी किंमत असते. आयपॅडचं सर्वांत साधं मॉडेल २०२५ च्या मार्चमध्ये ३४,९०० रुपयांना बाजारात आलं, तेही पेन्सिल वेगळी. तेवढ्याच पैशांत अँड्रॉइड फोनवाल्या बाबांना चांगला मोठा टॅब, कव्हर, स्टँड आणि वर्षभराचा नेटचा खर्च एवढं सगळं बसतं. हौस करायचीच तर त्यांच्या वाटेने करा ना.

दुसरा आक्षेप असा, की आता भिंती पडायला लागल्यात. हेही खरं. व्हॉट्सॲप आयपॅडवर आलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये गुगलने पिक्सेल १० फोनवरून थेट ॲपलच्या एअरड्रॉपशी फायलींची देवाणघेवाण सुरू केली. चार्जरही आता बहुतेक सगळीकडे यूएसबी-सी. पण भिंत आपल्यासाठी पडते, कारण कुठे खिंडार आहे ते आपल्याला माहीत असतं. आजोबांनी ते शोधत बसायचं का?

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. फोन हा पहिला प्रश्न असला, तरी एकमेव नाही. बहिणीला चित्रं काढायची असतील, किंवा तुम्हाला स्वतःला नोट्ससाठी हवा असेल, तर पेन कुठलं चांगलं चालतं हे फोनपेक्षा महत्त्वाचं. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, अशा आजीचं काय? तिथे माझा नियम असा: घरात तिला मदत करणाराचा फोन बघा. टॅब अडकला की ती सुनेला हाक मारणार. सुनेचा फोन अँड्रॉइड असेल, तर टॅबही तोच हवा. धाकट्या भावाला देताना तर आई-बाबांचा फोन बघणं जास्तच गरजेचं. गुगलचं फॅमिली लिंक पालकांना आयफोनवरूनही चालवता येतं, पण आयपॅडचा स्क्रीन टाइम बाबांच्या अँड्रॉइडवरून दुरून सांभाळता येत नाही. (हा परिच्छेद भावांनी आई-बाबांना दाखवू नये, ही विनंती!)

तेव्हा दुकानात जाण्याआधी चार गोष्टी करा, म्हणजे झालं.

एक, त्यांचा फोन हातात घेऊन दहा मिनिटं बघा. कंपनी कुठली, मेन्यू इंग्रजीत की मराठीत, अक्षरं किती मोठी केलीत आणि पहिल्या पानावर कुठली ॲप्स आहेत. अँड्रॉइडचा अख्खा मेन्यू मराठीत करता येतो, आणि त्यांनी तो तसा केला असेल तर नवा टॅबही तसाच करून द्या.

दोन, घरी वायफाय आहे का ते विचारा. नसेल तर सिमकार्ड चालणारा टॅब घ्या, किंवा फोनचं हॉटस्पॉट लावायला शिकवा.

तीन, अकाऊंट त्यांच्याच नावाचं ठेवा. तुमचं नको. पासवर्ड त्यांच्या डायरीत, त्यांच्या अक्षरात. जुना आयपॅड किंवा टॅब देत असाल तर आधी स्वतःच्या अकाऊंटमधून बाहेर पडा. नाहीतर चोरीपासून वाचवायला केलेलं कुलूप तुमच्याच आईला बाहेर ठेवेल.

चार, दिल्यावर एक रविवार त्यांच्याबरोबर बसा. डब्यावरचं प्लॅस्टिक काढून फोटो टाकला आणि संध्याकाळच्या लोकलने परत हॉस्टेलवर, असं करू नका.

ही चारही कामं फुकट आहेत. यातलं कुठलंच रिव्ह्यूमध्ये सापडत नाही, कारण रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तुमची आई माहीत नसते. तुम्हाला असते. मग पुढच्या सुट्टीत घरी गेलात, की आईला सहज विचारा, "आई, तुझा फोन दे बघू जरा." ती घाबरून विचारेल, "का, काय झालं?" सांगू नका. फक्त बघून ठेवा.