दोन दिवसांची मुंबई

दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मुंबई बघायची ठरलं आणि पोरांनी अकरा ठिकाणांची यादी हातात दिली. अम्मीचं एकच म्हणणं, हाजी अलीला जायचं. माझं मत असं की बेत तिच्यापासूनच आखावा. जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या चालीने सहल ठरते; नाहीतर तो माणूस दोन दिवस बाकड्यावर बसून पिशव्या सांभाळतो. गेल्या वेळी अम्मीने तेच केलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मोठ्या भरतीत दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून मी आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं, तिकिटं नंतर काढली. सटाण्याला रेल्वे नाही. पहाटे मनमाड गाठून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, म्हणजे अम्मीचे गुडघे तिथेच निम्मे दमणार. शिवाय सोमवारी घारापुरी बंद, बुधवारी राणीची बाग.

यादीतली आठ नावं खोडली. सीएसएमटी राहिलं, गाडीतून उतरलं की ते दिसणारच. धाकटी अजून रुसलेली आहे. तिच्यासाठी राणीच्या बागेतले पेंग्विन ठेवलेत.