विश्लेषण : फ्रीमेसन लॉजच्या बंद दारामागे काय? मुंबईत ते दार भारतीयांसाठी कसे उघडले?

लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी डिसेंबर २०२५ मध्ये एक नियम केला. जे अधिकारी-कर्मचारी फ्रीमेसन आहेत किंवा पूर्वी होते, त्यांनी ते वरिष्ठांना कळवायचे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने त्याला विरोध केला. या नियमामागे खासगी गुप्तहेर डॅनियल मॉर्गन यांच्या १९८७ मधील खुनाचे प्रकरण आहे. त्याच्या तपासाची छाननी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०२१ मध्ये सदस्यत्व उघड करण्याची शिफारस केली होती. फ्रीमेसनांच्या ओळखींचा तपासात गैरवापर झाल्याचा पुरावा समितीला मिळाला नव्हता. संशय मात्र गेला नाही.

आपल्याकडे हा विषय बहुधा ‘इलुमिनाती’च्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधूनच येतो. पण मुंबईत फोर्टमध्ये, सीएसएमटीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची फ्रीमेसन्स हॉल ही इमारत उभी आहे. त्याहून जुना आहे मुंबईतला एक लॉज, आणि त्याची कहाणी कोणत्याही फॉरवर्डपेक्षा रंजक आहे.

फ्रीमेसन म्हणजे नेमके कोण?

लॉज म्हटले की आपल्याला एसटी स्टँडसमोरची ‘बोर्डिंग-लॉजिंग’ची पाटी आठवते. हा लॉज वेगळा. युरोपात मोठी चर्च बांधताना दगडकाम करणारे गवंडी बांधकामाच्या जागेवर खोपट उभारत, ते लॉज. पुढे गवंडीकामाशी संबंध नसलेली मंडळी या संघटनांत येऊ लागली आणि १७१७ मध्ये लंडनमध्ये चार लॉजनी मिळून पहिला ग्रँड लॉज स्थापन केला. हत्यारे प्रतीकापुरती उरली. काटकोन तपासायचा गुण्या म्हणजे सचोटी, कर्कटक म्हणजे संयम. (पहिल्या वर्षाला मिनी-ड्राफ्टर खांद्याला लावून फिरलेल्या आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना हे बोधचिन्ह जरा घरचेच वाटते.) शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्याही गवंड्यांच्याच.

अट एकच महत्त्वाची : परमेश्वरावर श्रद्धा हवी, तो कोणत्या धर्माचा हे विचारायचे नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. कागदावर सगळे ‘बंधू’.

मग भारतीयांना प्रवेश का नव्हता?

भारतात पहिला लॉज १७३० च्या सुमारास कोलकात्याला, फोर्ट विल्यममध्ये सुरू झाला. मुंबईत १७५८ मध्ये. सदस्य होते कंपनीचे अधिकारी, लष्करातले लोक, व्यापारी. नियमात ‘गोऱ्यांसाठीच’ असे कुठे लिहिलेले नव्हते. लिहायची गरजही नव्हती. नव्या सदस्यासाठी गुप्त मतदान होते आणि पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकायची असते. मोजक्या काळ्या गोट्या पडल्या तरी अर्ज बाद, आणि कारण सांगायचे बंधन कोणावरच नाही. फ्रीमेसनांच्या खुणा आणि हस्तांदोलनाच्या पद्धती केव्हाच छापून आल्या आहेत. माझ्या मते या संस्थेतली खरी गुप्त गोष्ट ही पेटीच आहे.

हे मुंबईत ज्यांनी अनुभवले ते माणेकजी करसेटजी. पारशी सुधारक, पुढे स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनेही त्यांना आधी नाकारले होते, १८४० मध्ये ते तिचे पहिले भारतीय सदस्य झाले. मुंबईतल्या लॉजने दार लावून घेतल्यावर त्यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला थेट पॅरिस गाठले आणि तिथल्या लॉजमध्ये दीक्षा घेतली. परत येऊन त्यांनी मुंबईच्या ‘पर्सिव्हरन्स’ लॉजकडे अर्ज केला. आता ते रीतसर ‘बंधू’ होते. तरीही नकार.

‘रायझिंग स्टार’ कसा जन्मला?

इथे डॉ. जेम्स बर्न्स यांचा प्रवेश होतो. ते कंपनीचे स्कॉटिश डॉक्टर होते आणि पश्चिम भारतातील स्कॉटिश फ्रीमेसनरीचे प्रमुखही. त्यांचे दोन भाऊ १८४१ मध्ये काबूलच्या उठावात मारले गेले होते. असा माणूस ‘नेटिव्हां’बद्दल कडवट झाला असता तर कोणाला नवल वाटले नसते. पण बर्न्स यांनी १५ डिसेंबर १८४३ रोजी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज स्थापन केला आणि त्यात माणेकजींसह पारशी व मुस्लिमांना प्रवेश दिला.

यात एक मेख आहे. नवा लॉज निघाल्यामुळे जुन्यांना आपले दार उघडावे लागले नाही. सुरुवात समतेची आणि सोय वेगळ्या पंक्तीची, असे हे प्रकरण. तरीही त्या काळच्या मुंबईत याचे मोल मोठे होते. भायखळा क्लबसारख्या ठिकाणी भारतीयांना सदस्यत्व नव्हते. भारतीय आणि युरोपीय दोघांनाही सदस्यत्व देणारा विलिंग्डन क्लब यायला १९१८ उजाडले. त्याच्या ७५ वर्षे आधी लॉजमध्ये गोरा डॉक्टर आणि पारशी गृहस्थ एका टेबलावर जेवत होते.

पारशी यात पुढे का राहिले? इंग्रजांशी व्यापारी संबंध जुने, सोबत जेवायला जातीची आडकाठी नाही, आणि एकेश्वरी श्रद्धेमुळे मूळ अटीत ते सहज बसत. खरशेदजी कामा यांनी तर १८७६ मध्ये झरथुष्ट्री धर्म आणि फ्रीमेसनरी यांचे नाते सांगणारा निबंधच लिहिला.

हिंदूंची वाट याहून बिकट होती. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना नऊ वर्षे झगडावे लागले. हिंदू अनेक देव मानतात, जात पाळतात, मग त्यांची शपथ कशी धरायची, असा तिथल्या प्रमुखांचा युक्तिवाद होता. १८७२ मध्ये दत्त यांना प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी त्याच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू हेही फ्रीमेसन. यावरून ‘काँग्रेस लॉजमध्ये शिजली’ असा निष्कर्ष काढणे उथळ ठरेल. मात्र सभा चालवणे, पदाधिकारी निवडणे, हिशेब मांडणे याचा सराव जिथे होई, त्यांपैकी लॉज ही एक जागा होती.

आज काय स्थिती आहे?

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाला. तेव्हाच्या २७७ लॉजपैकी १४५ त्यात गेले. बाकीचे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडशी जोडलेले राहिले, म्हणून आजही एकाच शहरात वेगवेगळ्या घराण्यांचे लॉज दिसतात. भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे ग्रंथ एकत्र ठेवतात आणि सदस्य आपापल्या ग्रंथावर शपथ घेतो. समाजकार्य म्हणाल तर कोइम्बतूरमधील मुलांचे वैद्यकीय केंद्र, दिल्लीतील शाळा व पॉलिक्लिनिक ही ठळक उदाहरणे. हे काम चांगलेच आहे, पण रोटरी किंवा लायन्सच्या कामाहून फार वेगळे नाही. वेगळी आहे ती निवडीची पद्धत, आणि लंडनच्या पोलिसांचा प्रश्न तिथेच येऊन थांबतो : सार्वजनिक पदावरच्या माणसाने एकमेकांना साथ देण्याचे वचन कोणाकोणाला दिले आहे, हे लोकांना कळायला हवे की नको?

महिलांना ग्रँड लॉज ऑफ इंडियात आजही सदस्यत्व नाही. ॲनी बेझंट यांनी स्त्री-पुरुष दोघांना घेणारी ‘को-मेसनरी’ भारतात आणली, पण मुख्य प्रवाहातील लॉज तिला मान्यता देत नाहीत. आणि माणेकजी करसेटजी? पॅरिसला जाऊन दीक्षा घेतलेल्या या गृहस्थाने १८६३ मध्ये मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. ती अलेक्झांड्रा शाळा फोर्टमध्येच आहे, फ्रीमेसन्स हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर.