जोखीम नेमकी कुठे असते?

२०२१च्या राष्ट्रीय निगराणीत हिजडा व पारलिंगी समूहात एचआयव्हीचे प्रमाण ३.७८ टक्के आढळले. सर्वसाधारण प्रौढांत ते ०.२१ टक्के होते. अंतर सुमारे अठरापट. बातम्यांत या आकड्यांपाठोपाठ ‘अतिजोखमीचा गट’ हा शब्द येतो आणि जोखीम जणू त्या माणसांच्या देहातच आहे असा समज होतो.

अमेरिकेत सात शहरांत झालेल्या आणि २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रियांपैकी ६२ टक्के, लॅटिनवंशीयांपैकी ३५ टक्के, तर श्वेतवर्णीयांपैकी १७ टक्के बाधित आढळल्या. गुदमार्गे संसर्गाची शक्यता अधिक, हे खरेच. पण ते तिन्ही गटांना सारखेच लागू पडते. फरक पडतो तो देहाबाहेर: घर कोण देते, काम कोण देते, जोडीदारांच्या लहानशा वर्तुळात विषाणू आधीच किती पसरला आहे. तीच कृती एका वर्तुळात किरकोळ जोखमीची, तर दुसऱ्यात गंभीर ठरते. आणि आपल्याला स्त्री म्हणून स्वीकारणारा जोडीदार एकच असेल, तर निरोधाचा आग्रह धरणे किती कठीण, हे कोणत्याही भित्तिपत्रकात लिहिलेले नसते.

मराठी वाचकाला झाशी राणीमुळे ठाऊक आहे. तिथली दुसरी एक कहाणी फारशी कोणी सांगत नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता आणि ज्या वायव्य प्रांतांत तेव्हा झाशी जिल्हा मोडत असे, तिथे तो लागू होता. संशयितांची नावे-पत्ते सरकारी नोंदवहीत चढत. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात चारचौघांत दिसली, तर वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. त्या नोंदवहीपासून आजच्या अविश्वासापर्यंत सरळ रेघ ओढणे घाईचे ठरेल. पण कलम ३७७ची टांगती तलवार २०१८ पर्यंत होतीच, आणि दवाखान्याच्या खिडकीवर पहिला प्रश्न आजही नावाचाच असतो. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयतेची हमी दिली आहे. रांगेतल्या कुजबुजीवर मात्र कायद्याचा इलाज नाही.

उपाय अज्ञात नाहीत. एआरटी सरकारी केंद्रांत मोफत मिळते आणि रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे घटला की लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. अनेकींना अधिक निकडीची वाटते ती हार्मोन उपचारांची गरज. एचआयव्हीच्या गोळ्यांनी त्यात बाधा येईल, ही भीतीही असते. हैदराबादच्या ‘मित्र’ क्लिनिकने २०२१ पासून हार्मोन, समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणी एकाच छताखाली आणली. ते अमेरिकी मदतीवर चाले. २०२५ मध्ये मदत थांबताच त्याचे दार बंद झाले. असे केंद्र परक्या निधीवर सोडण्याऐवजी झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी रुग्णालयांत, नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागातच, सरकारी खर्चाने चालवायला हवे.