अभिजात कोणास म्हणावें?

दोन पदें मैफलींत टिकलीं कीं नाटकासच अभिजात ठरवून मोकळें व्हावयाचें, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. 'मत्स्यगंधा'ची (१९६४) पदें अभिषेकीबुवांच्या चालींमुळें घरोघरीं पोंचलीं. पण तीं गुणगुणणाऱ्या किती जणांस त्यांमागचे प्रसंग आठवतात?

आमची कसोटी साधी आहे. पदें गाळूनहि नाटक उभें राहत असेल, तर तीं पदें केवळ दागिने होत. किर्लोस्करांच्या 'सौभद्रां'त (१८८२) पात्रें पदांतूनच बोलतात, रुसतात. म्हणजे ही कसोटी कांहीं आम्हीं आज काढलेली नव्हे. दारव्हेकरांचें 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) तीस पुरेपूर उतरतें. तेथें कलहच मुळीं दोन गायकींचा आहे. हरलेले पंडितजी गाणें सोडतात, सदाशिव खांसाहेबांची विद्या चोरून ऐकतो. सूर काढून घेतल्यास येथें उरेल काय? वसंतराव देशपांडे १९८३ सालीं निवर्तले, तरी खांसाहेब संपले नाहींत. वसंतरावांच्या नातवानें ते पुन्हा रंगभूमीवर आणले.

आणि 'घाशीराम कोतवाल' (१९७२)! नांवामागें 'संगीत' नाहीं, म्हणून पदांच्या अभिमान्यांनीं त्यास पंक्तीबाहेर बसवावें, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. चंदावरकरांच्या संगीतावांचून ती ब्राह्मणांची भिंत म्हणजे नुसती माणसांची रांग. ती डोलते, हरिनाम घेते, आणि तिच्या आड काय चाललें आहे तें त्या गाण्यामुळेंच अंगावर येतें. ज्यांस हें संगीत नाटक वाटत नाहीं, त्यांनीं तें एकदां गाण्यावांचून करून दाखवावें.