रात्री दोन वाजताचे डॉक्टर

न्यूमोनिया झाला म्हणून बाबांना एका खासगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं होतं. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास त्यांना धाप लागली. ॲप्रन घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप असलेला एक मुलगा आला. माझ्याच वयाचा असेल. त्याने छाती तपासली, ऑक्सिजन वाढवला आणि म्हणाला, "काळजी करू नका, सकाळी सर बघतीलच." डॉक्टरच सांगतायत म्हटल्यावर मी खुर्चीत डोकं टेकलं.

सकाळी राउंडला आलेल्या एमडी डॉक्टरांनी बाबांना बघितलं आणि सिस्टरना विचारलं, "रात्रीच मला फोन का नाही केला?" बाबांना आयसीयूत हलवलं. पाच दिवसांनी ते बाहेर आले. आता बरे आहेत.

डिस्चार्जच्या दिवशी तो मुलगा खाली चहाच्या टपरीवर भेटला. बीएचएमएस झालेला, म्हणजे होमिओपॅथीचा पदवीधर. रात्रपाळीचा आरएमओ. म्हणाला, "सरांना रात्री उठवलं की सर चिडतात. आणि पेशंटला 'मी डॉक्टर' एवढंच सांगायचं, असं आम्हाला सांगून ठेवलंय."

माझा राग त्याच्यावर नाही. त्याला जेवढं येत होतं तेवढं त्याने केलं. पण तो कोण आहे हे मला त्या रात्री माहीत असतं, तर मी हात जोडून का होईना, म्हणाले असते, "सरांना फोन लावा." माझ्याकडून ते एक वाक्य काढून घेतलं गेलं. माझं भांडण त्याबद्दल आहे.

हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, डॉक्टरशिवाय कुणी पेशंटला हात लावता कामा नये. दुसरा म्हणतो, डॉक्टर कमी आहेत, मिळेल त्याच्याकडून उपचार घ्या. मला दोन्ही पटत नाही.

पहिल्या गटाने गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला जंतुसंसर्ग झाला तर या आरोग्यदूत घरी जाऊन जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर, हा कार्यक्रम नसलेल्या गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्यामागे हेच काम आहे.

पण हे का जमलं, तेही बघायला हवं. ती बाई डॉक्टर नाही, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तिला ठरावीक कामं नीट शिकवलेली होती. तिच्या कामावर लक्ष ठेवणारं कुणीतरी होतं. आणि आपल्या आवाक्याबाहेरचं दिसलं तर बाळाला दवाखान्यात न्यायला सांगणं हा तिच्या कामाचाच भाग होता. माझ्या बाबांच्या वॉर्डात रात्री यातलं काय होतं?

दुसऱ्या गटाने ब्रिटनकडे बघावं. तिथे 'फिजिशियन असोसिएट' नावाचं पद आहे. दोन वर्षांचं प्रशिक्षण घेऊन ही माणसं डॉक्टरांच्या हाताखाली काम करतात. २०२२ मध्ये लंडनमधली तीस वर्षांची एक तरुणी पाय दुखतो, धाप लागते म्हणून दोनदा दवाखान्यात गेली. दोन्ही वेळा तिला असोसिएटने तपासलं. आपण डॉक्टरलाच भेटलो, अशी तिची समजूत होती. पायातली रक्ताची गुठळी कुणाच्या लक्षात आली नाही आणि ती गेली. २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या सरकारी अहवालाने सुचवलं की, पदाचं नाव बदलून 'असिस्टंट' करा, डॉक्टरांपेक्षा वेगळे ओळखू येतील असे बॅज आणि कपडे द्या आणि निदान न झालेला पेशंट थेट त्यांच्यापुढे बसवू नका. नाव बदला, ही सूचना वरवर किरकोळ वाटते. त्या मुलीच्या घरच्यांना ती किरकोळ वाटणार नाही.

आता आपल्याकडे या. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी नेमले. त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, नर्सिंग झालेलेही आहेत. बीपी, शुगर, ताप यासाठी गावात रोज कुणीतरी भेटतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गावात सगळेच 'डॉक्टर' आणि कोण काय करू शकतं, हे गावाला कुणी सांगत नाही. होमिओपॅथांना एक वर्षाचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं लिहिता यावीत, म्हणून महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. पेशंटच्या जिवाशी खेळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

असेल. मग रात्रीच्या वॉर्डात हेच होमिओपॅथ आणि आयुर्वेदाचे पदवीधर कमी पगारावर कोण ठेवतं? दिवसा रस्त्यावर ज्यांना विरोध करायचा, रात्री त्यांच्याच भरवशावर घरी झोपायचं. आणि बिलात कमी शिकलेल्या माणसाची सूट कधी दिसते का? आमच्या बिलात तरी दिसली नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "मी डॉक्टर नाही असं सांगितलं, तर पेशंट येणारच नाहीत." गडचिरोलीतल्या आयांनी आपली तान्ही बाळं त्या बायकांच्या हातात दिली. लोक पदवी बघून घाबरत नाहीत, फसवलं गेल्यावर घाबरतात. मग एखाद्या रात्री तो संशय मारहाणीपर्यंत जातो. तेव्हा मार खाणारा पोरगा तोच असतो, रात्रपाळीचा आरएमओ. सर नसतात.

माझ्या अपेक्षा तीनच आहेत. मला तपासणाऱ्याच्या छातीवर मराठीत नाव, पदवी आणि पद लिहिलेलं असावं. त्याने काय करायचं आणि कधी थांबायचं, हे ठरलेलं असावं. आणि तो थांबला की ज्यांना फोन लावायचा, त्यांनी न चिडता तो उचलावा.

हे होईपर्यंत मी विचारत राहणार. परवा आत्याला ॲडमिट केलं, तेव्हा रात्री आलेल्या मुलीला मी विचारलं, "तुमचं शिक्षण काय? आणि गरज पडली तर तुम्ही कुणाला बोलावणार?" ती क्षणभर थांबली. मग तिने पदवी सांगितली, खिशातून पेन काढलं आणि केसपेपरच्या कोपऱ्यात सरांचा नंबर लिहून दिला.