गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे



कोर्ट, कायदा, वकील म्हटलं की आपल्या पाड्यांत लोक मान खाली घालतात. ‘ते शिकलेल्यांचं काम, आपल्याला काय कळतंय’ असं म्हणून कागद दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून या अंकात एका शिकलेल्या बाईंच्या कामाविषयी लिहीत आहोत. त्यांचं नाव वसुधा धागमवार.

वसुधाताई कायदा शिकवायच्या. मारहाण, अत्याचार, बेकायदा डांबून ठेवणं यांची कलमं ज्या भारतीय दंड संहितेत होती, तिच्यावर त्यांनी १९७४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘कायदा, सत्ता आणि न्याय’ असा होतो. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे फॉरेस्टच्या नाक्यावर उभं राहिलेल्या माणसाला पुस्तक न वाचताही कळतं. पण वसुधाताई पुस्तकावर थांबल्या नाहीत, म्हणून त्यांची आठवण काढायची.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी हात टाकला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. मुलगी मजुरी करणारी, आईबाप नसलेली, वय चौदा ते सोळा. तिचं नाव देशभर झालं, आम्ही ते इथे छापत नाही. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडलं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. हायकोर्ट म्हणालं, भीतीने निमूट राहणं ही संमती नव्हे. १९७८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे तिची संमती होती, असं धरून दोघांना सोडून दिलं.

रात्रीची वेळ, आत पोलीस, दार बंद. तिथे आपली पोर कुणाला हाक मारणार?

निकाल पुस्तकात छापून आला आणि वर्षभर तसाच पडून राहिला. मग कायदा शिकवणारे चौघे एकत्र आले: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधाताई. १६ सप्टेंबर १९७९ रोजी त्यांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नाइलाजाने शरण जाणं वेगळं आणि राजीखुशीने हो म्हणणं वेगळं. पत्र वर्तमानपत्रांत गेलं. १९८० च्या ८ मार्चला मुंबई-दिल्लीत बाया रस्त्यावर उतरल्या. शेवटी १९८३ साली कायदा बदलला. पोलीस किंवा सरकारी माणसाच्या ताब्यात असलेली बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तिचा शब्द आधी धरायचा, असं कलम आलं. त्या दोघांची सुटका मात्र कायम राहिली. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. तिच्यामुळे पुढच्यांसाठी कायदा झाला, हे आपण विसरता कामा नये.

वसुधाताई सातपुड्यातही आल्या. अक्राणीत आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर त्यांनी काम केलं आणि पुढे त्यावर लिहिलं. १९८५ साली त्यांनी दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली. सरदार सरोवरात बुडणाऱ्या मध्य प्रदेशातल्या गावांत जाऊन ‘मार्ग’च्या लोकांनी साधा प्रश्न विचारला: तुम्हाला काय माहीत आहे? धरण, पाणी, बदली जमीन याबद्दल सरकारने तुम्हाला काय सांगितलं आहे? ज्याला काही सांगितलंच नाही, त्याचा होकार कसला?

देसाईगंजच्या त्या मुलीवर जे झालं त्याची बरोबरी कशाशीच होत नाही. पण सरकारी माणसाची खोड तीच आहे. आपण गप्प राहिलो की तो कागदावर ‘हरकत नाही’ असं लिहितो. गार्ड कोरा कागद पुढे करतो, आपण अंगठा देतो, पंचनामा नंतर भरला जातो. ग्रामसभेत सह्यांचं रजिस्टर फिरतं, ठराव मागून लिहितात. आणि एक दिवस कळतं की आपणच आपल्या जमिनीवर पाणी सोडलं.

म्हणून प्रत्येक पाड्याने एवढं करावं.

कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही नाही. लिहिलेला कागद आधी मोठ्याने वाचून घ्यायचा, पाच जणांसमोर.

फॉरेस्टच्या दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नका. ज्या पावतीने आपल्याला चोर ठरवलं, तीच सांगते की त्या सालीही ही जमीन आपणच कसत होतो. वनहक्काच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवावा लागतो. म्हाताऱ्यांची जबानी लिहून घेतली तर तीही पुरावा धरली जाते.

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. उपविभागीय समितीने फेटाळला तर जिल्हा समितीकडे अपिलाला साठ दिवस असतात. ‘वरून नामंजूर झालं’ असं तोंडी ऐकून घरी येऊ नका.

बाईला एकटीला पोलीस ठाण्यात जाऊ देऊ नका. चार बाया सोबत जाव्यात.

शिकलेल्या माणसांनी आपल्यासाठी लिहावं, जरूर लिहावं. त्या चौघांनी लिहिलं नसतं तर तो निकाल पुस्तकातच राहिला असता. पण पाड्यावर अंगठा मागितला जातो तेव्हा प्रोफेसर जवळ नसतो. तिथे आपल्यातल्याच कुणीतरी उठून म्हणायला पाहिजे, ‘साहेब, आधी वाचून दाखवा.’ हा अंक मिळाल्यावर पहिल्याच बैठकीत प्रत्येक पाड्याने कागद वाचणारे दोघे ठरवावेत, एक बाई आणि एक बाप्या, आणि त्यांची नावं संघटनेकडे कळवावीत.